ऐंशी डांबर, वीस कातळ

१८ मे २०२५, रविवार

ही डायरी इशरतच्या शाळेत शिक्षकांना कुठल्याशा पतपेढीने वाटलेली. तिने मला दिली ती गाडीचं ऑईल कधी बदललं, चेन कधी घट्ट केली, हे लिहायला. जानेवारीपासून चार ओळी झाल्यात. आजपासून टायरचं लिहिणार. डोक्यात ठेवून ठेवून डोकं फुटायची वेळ आलीय.

दुपारी जेवताना इशरत बोलली, सोळा जूनला शाळा उघडली की ती आणि मनाल आपांकडे राहायला जाणार. आपा म्हणजे तिची थोरली बहीण, तळेकोंडच्या खालच्या मोहल्ल्यात दिलेली. तिथून इशरतची शाळा पायी दहा मिनिटांवर, इथून मात्र एसटी आणि पुढे फाट्यापासून चार किलोमीटर चालत. मनालचं नाव इथल्या शाळेतून काढून तिकडेच तिसरीत घालायचं. शनिवारी दुपारी दोघी घरी येणार, सोमवारी परत.

"पावसाळ्यापुरतं," बोलली. आपल्याकडचा पावसाळा दिवाळीपर्यंत खेचतो, हे तिला काय ठाऊक नाही?

"मी सोडीन की गाडीवरून. रोज सोडीन."

"गाडीवर मी बसणार नाय. किती वेळा सांगायचं?"

"टायर बदलतो. मग तर बसशील?"

तिने ताट उचललं. "बदला," बोलली आणि आत गेली.

म्हणजे माझ्याकडे चार आठवडे आहेत. दोहाहून परत आलो तो बायको-पोरीबरोबर राहायला. बारा वर्षं तिकडून फोनवर संसार केला, आता इथे राहूनही आठवड्यातून दीड दिवस भेटायचं का? एका टायरपायी?

गेल्या सत्तावीस जूनचं एकदा लिहून ठेवतो, टायरवाल्यांना सांगताना घोळ नको. मनालचा सातवा वाढदिवस. मी इशरतला शाळेतून आणायला गेलेलो. घरून मनालचे तीन फोन, केक कधी आणताय, केक कधी आणताय. घाई होती म्हणून कातळावरून आडवाट धरली, दोन किलोमीटर वाचतात. तोंडाशीच एक डहाळी पडली होती ती बाजूला टाकली. पन्नास पावलांवर मागचं चाक सटकलं. माझा गुडघा सोलला, इशरतचा उजवा खांदा मोडला, आत पट्टी बसवावी लागली. टायर कंपनीने दिलेले, डांबरासाठी बनवलेले, नक्षी जवळजवळ गुळगुळीत. एवढंच झालं. ह्यात माझं काय चुकलं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

२० मे, मंगळवार

मोबाईलवर आमच्या जातीच्या गाड्यांचा एक गट आहे. डांबरावरही चालायची आणि माळरानावरही चढायची, अशा दुहेरी गाड्या घेतलेले देशभरचे लोक. तिथे विचारलं. तासाभरात एकवीस उत्तरं आणि बावीस मतं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: डांबर किती टक्के, माती किती टक्के? म्हणून आज मीटर शून्य करून मोजून आलो. घरून, म्हणजे राजिवड्यातून, हातखंबा तेरा किलोमीटर, पुढे हायवेने तळेकोंडच्या फाट्यापर्यंत चार. हे सगळं डांबर नाहीतर सिमेंट. हायवेचं डायव्हर्जन दर आठवड्याला कूस बदलतं, ते धरलेलं नाही. फाट्यापासून शाळेपर्यंत चार किलोमीटर लाल माती आणि कातळ. म्हणजे ढोबळ हिशेबाने ऐंशी डांबर, वीस कातळ.

एकजण बोलला, वीस टक्के असले तरी पडतोस त्याच वीस टक्क्यांत, तेव्हा बटणाचे, म्हणजे उंच गोट्यांच्या नक्षीचे टायर घे. दुसरा बोलला, बटणाचे टायर ओल्या सिमेंटवर साबणासारखे. तिसऱ्याने अर्धे-अर्धे सुचवले. अर्धे-अर्धे म्हणजे डांबरावरही अर्धे आणि चिखलातही अर्धे. एक ना धड, भाराभर चिंध्या! चौथ्याने विचारलं की कातळ म्हणजे नक्की काय. त्याला फोटो पाठवला. मे महिन्यातला कातळ, खडखडीत कोरडा. तो बोलला, ह्यावर तर स्कूटरपण जाईल.

इशरत कपड्यांच्या घड्या घालत होती. बोलली, "त्या माणसांना सगळं सांगितलंत?"

"सगळं. किलोमीटरसकट."

"सगळं?" तिने परत विचारलं. मी मोबाईल तिच्यापुढे धरला तर बघितलासुद्धा नाही.

२४ मे, शनिवार

शहरातली चार दुकानं पालथी घातली. मनालला सोबत नेलं होतं, सुट्टीत घरी कंटाळते म्हणून.

पहिला बोलला, "एकवीस इंची पुढचं चाक? बैलगाडी हाय काय?" आणि स्वतःच हसला. दुसऱ्याकडे सतरा इंचीपर्यंतचेच टायर, पण सोडेना. "हाच ओढूनताणून बसवू, काय होत नाय." तिसरा भला माणूस, खुर्ची दिली, चहा मागवला. त्याला सविस्तर सांगितलं. पोरीचा वाढदिवस होता, केकसाठी तिचे फोनावर फोन, घाई, कातळ, टायर सटकला, बायकोचा खांदा गेला. तो चुकचुकला, मनालच्या डोक्यावर हात ठेवून बोलला, "काय गो, तुझ्या केकनं काय केलान बघ." मग टायर नाही म्हणाला.

चौथ्या दुकानात मनाल आत आलीच नाही, बाहेर पायरीवर बसली. उकाड्याने दमली असेल. येताना विचारलं, आईसक्रीम खायचं का?

"नको."

"नक्की?"

"मला काय नको, अब्बू. तुमी टायर घ्या."

शहाणी पोर आहे. वर्षभरात कसला म्हणून हट्ट नाही. लोकांची पोरं मोबाईल मागून जीव खातात.

२८ मे, बुधवार

पाऊस यंदा मेमध्येच येऊन बसलाय. एसी दुरुस्तीचे फोन एका दिवसात बंद पडले, धंदा थंड. वेळच वेळ आहे, टायर तेवढा नाही.

हातखंब्याला लवूकडे गेलो. तिठ्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं टायरचं दुकान, वीस वर्षं हायवेचे पंक्चर ट्रक तोच चालते करतो. त्याने चाक फिरवून बघितलं, स्पोक वाजवून बघितले.

"कोल्हापूरवरनं मागवतो, तन्वीरभाय. चार-पाच दिवस लागतील. पन कुठला घालायचा तां मला इचारू नका."

"तुला नाही विचारायचं तर कोणाला?"

"आमचा गाव कातळावरचाच. माझा बापूस पावसात कातळ लागला की सायकल हातात धरून चालायचा. टायर चांगला होता तरीपन."

"त्याची सायकल होती, लवू. ही दोनशे सीसीची गाडी आहे. दोष टायरचा आहे."

"होय तर. नाचता येईना..." एवढंच बोलून तो एका ट्रकवाल्याकडे वळला.

माझं डोकं फिरलं. मी वाळवंटात पाण्याचे टँकर चालवलेत आणि हा मला अंगण दाखवतो! त्याच्या शेडबाहेर उभा राहूनच पुण्याच्या एका ऑनलाईन दुकानातून बटणाचे टायर मागवून टाकले. दोन्ही, पुढचा आणि मागचा.

१ जून, रविवार

पार्सल आलं. दोन्ही मागचे.

चाळीस मिनिटं फोनवर. ती बाई दर दोन मिनिटांनी बोलते, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." काय समजू शकतेस बाई तू? पंधरा दिवसांनी माझं घर रिकामं होणार आहे, ते तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं? शेवटी सेवा कशी वाटली त्याला तारे द्या म्हणून मेसेज आला. एक तारा देऊन समाधान झालं नाही, त्याहून कमी देता येत नाही.

३ जून, मंगळवार

नाक मुठीत धरून लवूकडे गेलो. त्याच्याकडे दोन्ही टायर भिंतीला टेकवून ठेवलेले, बटणाचे, बरोबर मापाचे. मी शेडमधून पाठ फिरवली त्याच दिवशी त्याने कोल्हापूरला फोन केला होता. एक शब्द लागेलसा बोलला नाही. टॉमी लावून जुने काढले, नवे बसवले, हवा भरली, बोलला, "सिमेंटवर ब्रेक जपून."

तिथून थेट भाट्ये. किनारा रिकामा होता, ओहोटी. दोन्ही चाकांची हवा निम्मी सोडली. वाळूत गाडी घालायची तर हवा सोडायची, टायर पसरतो, पकडतो, हे मला दोहात पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. आणि गाडी अशी चालली की काय सांगू! सुरूच्या बनापासून पार खाडीच्या तोंडापर्यंत गेलो आणि आलो, मागे वाळूचा फवारा. पाच मिनिटं का होईना, वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. एका पोऱ्याकडून व्हिडिओ काढून घेतला.

घरी इशरतला दाखवला. तिने पूर्ण बघितला.

"मागे कोण बसलेलं नाय," बोलली.

आता चाचणीला मागे कोणाला बसवणार?

७ जून, शनिवार. ईद

आपा आणि भाईजान, म्हणजे त्यांचे मिस्टर, सकाळपासून होते. इशरतने डाव्या हाताने एवढी बिर्याणी कशी ढवळली देव जाणे. आपा बोलता बोलता बोलून गेल्या की हिच्या वर्गातली पोरं फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच अभ्यास करतात, वर हिचा हात जात नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मी बोललो, व्यायाम नियमित करत नाही ती.

भाईजाननी गाडीचं विचारलं, नवे टायर दिसले त्यांना. त्यांना पहिल्यापासून सांगितलं. वाढदिवस, फोन, केक, घाई, टायर. अर्ध्यातच मनाल ताटावरून उठली. नवा फ्रॉक घातलेली, पण ईदीचं पाकीटसुद्धा उघडलं नाही, अम्मीकडे ठेवायला दिलं.

पाहुणे गेल्यावर इशरत बोलली, "ही गोष्ट आता बंद करा."

"कुठली?"

"केकची."

"का? घडलं तेच सांगतो. एक शब्द खोटा आहे का त्यात?"

तिने नळ सोडला आणि भांडी घासायला लागली. माझ्या बोलण्यावर नळ सोडायची तिची सवय जुनी आहे.

९ जून, सोमवार

आगीतून फुफाट्यात. हातखंब्याच्या उतारावर पुढे एक टेम्पो थांबला, मी ब्रेक दाबला तर ओल्या सिमेंटवर गाडी बारा हात तशीच पुढे. टेम्पोला टेकायची तेवढी राहिली. ऐंशी टक्क्यांत नवा टायर वाईट, वीस टक्क्यांत जुना. म्हणजे शंभर टक्के माझंच नशीब.

तरी संध्याकाळी इशरतला बोललो, खाली ये, फक्त भाट्याच्या पुलापर्यंत, दहाच्या स्पीडने. आली. चपला घातलेल्या होत्या, म्हणजे मनात होतं. सीटवर हात ठेवला, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि वर निघून गेली.

मागोमाग गेलो. माझा आवाज चढला, खोटं का लिहू. "तुला हवं तरी काय? टायर आणले, हायवेवर मरता मरता वाचलो, अजून काय करू?"

"टायर मी मागितले नव्हते."

"मग काय मागितलं होतंस?"

मनाल दाराच्या फटीत उभी होती, मला बघून आत गेली. इशरतने तिच्या बॅगा माळ्यावरून खाली काढून ठेवल्यात.

११ जून, बुधवार

आज ठरवलं, कातळावरच जायचं आणि त्याच आडवाटेने पार होऊन व्हिडिओ काढायचा. मग बोलायला जागा राहणार नाही.

फाट्यावर हवा सोडली. पुढे पंधरा पौंड, मागे पंधरा. इथेच घात झाला. वाळू मऊ असते, जांभ्याला दात असतात. चिरेखाणीपाशी एका कडेवर चाक आपटलं, फट्ट आवाज झाला आणि मागची हवा बसली. टायरला ओरखडा नाही, आत ट्यूब मात्र रिमखाली चिमटली. बारा वर्षांचं शहाणपण एका चिऱ्याने काढून घेतलं. भुरभुर पाऊस, गाडी हाताने ढकलत आडवाटेच्या शाळेकडच्या तोंडाशी आलो.

तिथे ऐनाची डहाळी आडवी पडलेली, हिरवीगार. गाडी स्टँडला लावून ती उचलायला वाकलो तर पलीकडून ओरडा.

"अरे अरे, काढू नको ती!"

एक म्हातारी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, अनवाणी, कातळावरून येत होती. मधूनमधून गवताचे झुबके आहेत, फक्त त्यांच्यावर पाय टाकत. जवळ येऊन तिने माझं तोंड निरखलं.

"तू बाईंचा घोव ना रे?"

बाई म्हणजे इशरत. म्हातारीचं नाव गोदूबाई, तिची नात इशरतच्या वर्गात आहे.

"गेल्या सालीपन तूच काढलास," ती बोलली. "मी त्या बांधावर हुते. हाका मारून घसा बसला. बाईंनी तुझा खांदा धरलान, तू उतरलास, डहाळी उचललास नि दिलीस फेकून."

"मला वाटलं कुणाच्या मोळीतून पडली."

"पडंल कशी? घातलेली असते ती. कातळ काळा पडला का आमी वाटंच्या तोंडाला डहाळी घालताव. हितून जाऊ नको, वळसा घाल, म्हनून. माझ्या सासऱ्याच्या आधीपासनं घालतात. हितल्या बारक्या पोरालापन ठाऊक हाय." मग जरा खाली आवाजात बोलली, "बाई पडल्या ना, तवापासनं पावसात दर चार दिसांनी मी नवी घालतंय. सुकली का कोनतरी परत सरपन समजायचा."

मी खाली बसून त्या काळ्या दगडावर हात टेकला. हात गेला तो थांबलाच नाही. तेल सांडल्यासारखा बुळबुळीत. त्यावर बटणं असू देत नाहीतर खिळे, कुठलाही टायर तिथे उभा राहिला नसता.

वळशाच्या वाटेने फाट्यापर्यंत गाडी ढकलली. पोचायला दीड तास लागला. लवूला फोन केला, तो स्वतः ट्यूब घेऊन आला.

१२ जून, गुरुवार

काल लिहिता लिहिता लिहिणार होतो की इशरत त्या दिवशी काही बोलली असेल तर हेल्मेटमध्ये मला ऐकू आलं नसेल.

हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

ती बोलली होती, "ही पडलेली नाय, ठेवलेली हाय. वळसा घालून जाऊया." माझा खांदा धरून बोलली होती. मी बोललो होतो, "बारा वर्षं वाळवंटात गाडी चालवलीय, मला नको शिकवूस." शब्दन् शब्द आठवतोय. वर्षभर कुठे गेला होता?



१४ जून, शनिवार

दोन दिवस तोंड उघडलं नाही. आज ती मनालचे कपडे बॅगेत भरत होती, तेव्हा बोललो. एका दमात बोललो, नाहीतर परत गिळलं असतं. डहाळीचं, गोदूबाईचं, आणि मला ऐकू आलं होतं ते.

"ठाऊक हाय मला," ती बोलली. "मी मागेच बसलेली ना."

"मग वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुमच्या तोंडून येईल म्हणून वाट बघितली. आधी हॉस्पिटलात बघितली, मग घरी. तुमी टायर बोललात. मग टायरच बोलत राहिलात."

मी माफी मागितली. तिच्यापुढे हात जोडले, आयुष्यात पहिल्यांदा. तिने ते खाली केले.

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. जिला ठाऊक नाय तिला सांगा."

मला कळेना. मग तिने मार्चमधलं सांगितलं. मनालच्या वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता, हिने केकचा तुकडा घेतला नाही. वर्गाच्या बाईंनी विचारलं तर बोलली, मी केक मागितला म्हणून माझ्या अम्मीचा हात मोडला.

"मी तिला किती समजावलं, तसं नाय म्हणून. पण तुमी दर आठवड्याला कोणाला तरी तीच गोष्ट सांगता. दुकानदाराला सांगता, पाहुण्यांना सांगता. ती उभी असते तिथे. मग माझं काय ऐकणार ती? म्हणून आपांकडे नेतेय. गाडीचं काय घेऊन बसलात? तिथे ती गोष्ट सांगणारं कोण नाय."

शर्टाची घडी घालत बोलली सगळं. आवाज जरासुद्धा चढला नाही.

कोणाकोणाला सांगितली ती गोष्ट, आठवायला बसलो होतो. चार दुकानं. भाईजान. बँकेतला तो क्लार्क. मिरकरवाड्यात बर्फाच्या फॅक्टरीत, जिथे मनाल माझ्याबरोबर आली होती. पुढचं आठवायचं सोडून दिलं. लाज वाटते ती लिहूनही कमी होत नाही.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. सकाळी मनाल जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालत होती. शेजारी बसलो. कसं सुरू करायचं ठरवलं नव्हतं. सरळ सांगितलं, अम्मी पडली ती माझ्यामुळे. तिथे जाऊ नका म्हणून लोकांनी डहाळी ठेवली होती, मी ती फेकली. अम्मी जाऊ नका बोलली होती, मी तिच्यावर डाफरलो आणि गेलो.

ती कात्री हातात धरून ऐकत होती.

"अम्मी किती वेळा बोलली?"

"एकदाच. पण मोठ्याने."

"तुमाला ऐकू आलं?"

"आलं."

"आणि माझा फोन?"

"तुझे फोन आम्ही शाळेतून निघायच्या आधीचे. सातव्या वाढदिवसाला पोरीने केक मागायचाच असतो. गाडी मी चालवत होतो, मनाल."

"टायर?"

"टायरचापण दोष नव्हता."

तिने कव्हराची एक कड दुमडली. मग बोलली, "मग तुमी सगळ्यांना माझं नाव का सांगितलंत?"

मी बोललो, "स्वतःचं सांगायची लाज वाटली."

तिने हातातली वही माझ्या अंगावर फेकली. मग दुसरी, तिसरी, सगळ्या. मी बसून राहिलो. इशरत दारात आली, पण मध्ये पडली नाही. मनाल रडत रडत आत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवायला आली ती माझ्याकडे न बघता जेवली.

संध्याकाळी बॅगा दाराशी आल्या. भाईजानची गाडी सातला येणार होती. मी बाहेर गॅलरीत होतो. मनाल आतून आली आणि अम्मीपुढे उभी राहिली. माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलली.

"मला आपांकडे नाय ऱ्हायचं. मला माझीच शाळा पायजे."

इशरतने माझ्याकडे बघितलं. मी बोललो, एसटी सव्वासहाला आहे, मी बरोबर येईन, फाट्यापासून शाळेपर्यंत तुझ्याबरोबर चालेन, रोज. तिने भाईजानना फोन लावला आणि नका येऊ म्हणून सांगितलं. मग खाली बसून बॅगेची चेन उघडली आणि मनालचे कपडे परत बाहेर काढायला लागली.

मनालचं संपलं नव्हतं. ती आत गेली आणि दप्तर घेऊन आली, ते आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर आपटलं.

"आणि मला नवीन दप्तर पायजे. ह्याची चेन तुटलीय. जानेवारीपासून तुटलीय."

मी उचलून बघितलं. चेन पार निघालेली, आतून चार सेफ्टी पिना लावलेल्या, ओळीत. जानेवारीपासून रोज सकाळी मीच ते दप्तर तिच्या पाठीवर चढवून देत होतो.